मसल कारचा डाना ६० जीपखाली बसवायचाय? आधी हे वाचा

अमेरिकेत जुनी रँग्लर पाळणाऱ्याला कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच, "माझ्या गॅरेजात एक डाना ६० पडलाय. ट्रकचा नाही, गाडीचा. घेतोस का?" नवखा माणूस हरखतो. डाना ६० म्हणजे न तुटणारा अ‍ॅक्सल एवढं त्यानं ऐकलेलं असतं. त्यातून तो साठच्या दशकातल्या क्रायस्लरच्या हेमी इंजिनाच्या मसल कारखालून (दणकट इंजिनाच्या वेगवान गाडीखालून) निघालेला म्हटल्यावर तर विचारायलाच नको. पुढच्या शनिवारी ग्राइंडर बाहेर येतो आणि इथेच गडबड होते.

हा लेख त्या शनिवारच्या आधी वाचायचा. आजवर अ‍ॅक्सल बदललेला नाही, पण पाने-स्क्रू ड्रायव्हर हातात धरता येतात, असा वाचक मी गृहीत धरला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. जीपला मजबुती हवी असते, दुर्मिळपणाचा तिला काही उपयोग नाही. म्हणून दुर्मिळ अ‍ॅक्सल न कापता बसत असेल तर खुशाल बसवा. कापावा लागत असेल तर तो ज्याला खरोखर हवा आहे त्याला द्या आणि त्या पैशांत जीपची सगळी मागची बाजू नवी करा.

अ‍ॅक्सल म्हणजे इथे मागच्या दोन चाकांमधला सबंध जुडगा: मधलं ओतीव हाउसिंग, दोन्ही बाजूंच्या नळ्या, आतले क्राउन-पिनियन (म्हणजे मोठा रिंग गिअर आणि त्याला फिरवणारा लहान पिनियन), दोन शाफ्ट आणि टोकाचे ब्रेक.

हा अ‍ॅक्सल गाडीखाली आलाच कसा

क्रायस्लरकडे स्वतःचा पावणेनऊ इंची (हे माप रिंग गिअरच्या व्यासाचं) अ‍ॅक्सल होता आणि तो चांगलाच होता. पण १९६६ साली ४२६ घनइंचाचं हेमी इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत आलं. त्याला चार गिअरचा हाती गिअरबॉक्स जोडला आणि चालकानं क्लच झटक्यात सोडला की मागच्या दात्यांवर हातोडा पडल्यासारखा भार येई. त्या धक्क्यासाठी क्रायस्लरनं ओहायोतल्या डाना कंपनीकडून तिचा ट्रकांसाठीचा ६० नंबरचा अ‍ॅक्सल गाडीच्या मापात बनवून घेतला. याचा रिंग गिअर पावणेदहा इंची. ऑटोमॅटिक हेमीला सहसा पावणेनऊ इंचीच मिळे. डाना ६० प्रामुख्यानं चार-गिअरवाल्या हेमी आणि ४४० इंजिनाच्या गाड्यांना. पर्यायांच्या यादीत 'ट्रॅक पॅक' घेतला तर ३.५४ गुणोत्तराचा (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियन ३.५४ वेळा फिरणारा) डाना मिळे, 'सुपर ट्रॅक पॅक' घेतला तर ४.१० चा. १९६९ च्या मध्यावर आलेल्या सिक्स पॅक रोड रनर आणि सुपर बी या गाड्यांना तर ४.१० चा डाना ठरलेलाच होता. १९७१ नंतर हेमी बंद झालं.

गाड्या थोड्या, त्यामुळे अ‍ॅक्सलही थोडे. १९७० सालच्या हेमी 'कूडा (प्लिमथ बाराकूडा) छतवाल्या ६५२ आणि उघड्या छताच्या फक्त १४ बनल्या. त्यांतल्या चार-गिअरवाल्या वेगळ्या काढल्या की आकडा आणखी खाली येतो. आज अशी गाडी मूळ स्थितीत आणणारा माणूस मूळ अ‍ॅक्सलसाठी किती पैसे मोजेल, याचा अंदाज बांधणं कठीण नाही.

आता जीपकडून हिशेब करू, कारण तो बहुतेकांना चकित करतो. हेमीचा टॉर्क ४९० पाउंड-फूट, पहिला गिअर २.६६, मागचं गुणोत्तर ४.१०. गुणाकार साधारण ५,३०० पाउंड-फूट. रँग्लरच्या ४ लिटर इंजिनाचा टॉर्क २२०, पहिला गिअर ३.८३, ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीची) लो रेंज २.७२ आणि मागे तेच ४.१०. गुणाकार जवळजवळ ९,४००. म्हणजे कागदावर लो रेंजमधली जीप हेमीपेक्षा अ‍ॅक्सलला जास्त पिळते. प्रत्यक्षात चाक घसरतं, काही भार पुढच्या अ‍ॅक्सलला जातो, म्हणून एवढा पीळ मागे पूर्ण पोचत नाही. पण एक चाक दगडांच्या फटीत अडकलं, दुसरं हवेत गेलं आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असला की धक्का त्याच जातीचा. तेव्हा डाना ६० चा मोह वेडेपणाचा नाही. प्रश्न एवढाच, की तो मोह हाच अ‍ॅक्सल घेऊन पुरवायचा का.

पायरी पहिली: समोर आहे तो नक्की कोण?

घाईत पैसे देऊ नका. टॉर्च, तारेचा हातब्रश, मोजपट्टी आणि फोनचा कॅमेरा घेऊन जा.

मागचं झाकण दहा बोल्टचं असतं. हाउसिंगच्या ओतीव फासळीवर '६०' हा आकडा उठावदार दिसतो. ट्रकचा की गाडीचा, हे चाकाच्या टोकाकडे पाहून कळतं. ट्रकच्या फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सलला चाकाच्या मधोमध जाड हब बाहेर आलेला असतो आणि त्याच्या तोंडावर बोल्टांचं कडं असतं. गाडीचा अ‍ॅक्सल सेमी-फ्लोटिंग: टोक सपाट, चाकाला पाच बोल्ट, साडेचार इंच व्यासाच्या वर्तुळावर. ट्रकला सहसा आठ.

मग नळीवरचा क्रमांक शोधा. डाना कंपनी प्रत्येक जुडग्याचा यादी-क्रमांक नळीवर ठोकत असे आणि त्याच्याजवळ बनावटीची तारीख. पन्नास वर्षांच्या गंजाखाली तो दडलेला असतो. हातब्रश आणि थोडं गंज सोडवणारं तेल, एवढ्यावरच भागवा. ग्राइंडर, सँडब्लास्ट, तारेचा यांत्रिक ब्रश यांतलं काहीही चालवू नका. तो ठसा पुसला की अ‍ॅक्सलची निम्मी किंमत गेलीच म्हणून समजा. झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली गुणोत्तराची पत्र्याची पट्टी अजून लटकत असेल तर तिचाही फोटो काढा. जुन्या रंगाचे, खडूचे डाग दिसले तर तेही राहू द्या, कारखान्यातल्या खुणा असू शकतात.

१९६८ पासूनच्या गाड्यांच्या इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर गाडीच्या क्रमांकाचा भाग ठोकलेला सापडतो, अ‍ॅक्सलवर नाही. त्यामुळे 'हा अमुक गाडीचाच' असं विकणाऱ्यानं सांगितलं तर कागद मागा. नसतील तर तारीख आणि यादी-क्रमांक एवढाच पुरावा धरा.

गुणोत्तर पट्टीवर विसंबून ठरवू नका, पन्नास वर्षांत आतले दाते कुणी बदलले असतील सांगता येत नाही. झाकण उघडता आलं तर रिंग गिअरच्या कडेला दात्यांची संख्या ठोकलेली असते. ४१ आणि १० म्हणजे ४.१०, ४६ आणि १३ म्हणजे ३.५४. झाकण उघडू देत नसतील तर दोन्ही चाकं उचलून एकत्र एक फेरा फिरवा आणि पिनियन किती फिरला ते मोजा.

एक शक्यता लक्षात ठेवा: समोरचा अ‍ॅक्सल मूळ नसेलच. क्रायस्लरच्या मापाचे नवे डाना ६० आजही बनवून मिळतात आणि ट्रकच्या मधल्या भागाला नव्या नळ्या लावून केलेले जुगाडही बाजारात फिरतात. नळीवर ठसा नाही, नळ्या नव्या दिसतायत, तर तो दुर्मिळ नाही. तसं असेल तर बिनधास्त कापा, पण दुर्मिळाचे पैसे देऊ नका.

पायरी दुसरी: ठेवायचा की द्यायचा

ही पायरी नवखे सगळ्यात पटकन ओलांडतात. म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे.

मूळ ठशाचा, न कापलेला अ‍ॅक्सल तुमच्या हातात असेल तर नळ्या कापून तो अरुंद करणं म्हणजे पैठणीचं पोतेरं करणं. तुमच्या जीपला त्याहून एक तसूभरही जास्त मजबुती मिळत नाही, कारण तेच पावणेदहा इंची दाते आणि त्याच जातीचे ३५ स्प्लाइनचे (टोकाला ३५ खाचा असलेले) शाफ्ट साध्या ट्रकच्या डाना ६० मध्येही असतात किंवा बसवता येतात. पाऊण टनी डॉज आणि फोर्ड पिकअप, मोठ्या व्हॅन यांखालचे डाना ६० भंगारवाड्यात अजून मिळतात. त्यांच्याबद्दल कुणाला गहिवर येत नाही. जनरल मोटर्सच्या पाऊण टनी आणि एक टनी ट्रकांचा चौदा-बोल्टवाला तर साडेदहा इंची रिंग गिअरचा आहे. तो बोजड आहे, दिसायला गबाळा आहे, पण काम चोख करतो.

आणि एवढंही लागत नसेल. ३३ इंची टायरवर डोंगर चढणाऱ्या रँग्लरला १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची अ‍ॅक्सल पुरेसा होतो. ३१ स्प्लाइनचे शाफ्ट, मागे डिस्क ब्रेक, बोल्ट तेच पाच आणि साडेचार इंची, रुंदी रँग्लरच्या जवळपास. पहिल्यांदाच अ‍ॅक्सल बदलणाऱ्या माणसाला मी हाच सुचवतो. जुनी मोपार, म्हणजे क्रायस्लरची, गाडी घडवणारा एखादा गृहस्थ तुमचा हेमी डाना घेईल. त्या पैशांत तयार केलेला ८.८ इंची अ‍ॅक्सल, पुढचे नवे दाते, एक लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) आणि वर टायरचा एखादा जोड पदरात पडू शकतो. व्यवहार म्हणून यात तुमचं काहीच जात नाही.

तिसराही मार्ग आहे, बाहेरचं हाउसिंग गुंडाळून ठेवायचं आणि फक्त आतला माल वापरायचा. पण शाफ्टची लांबी त्या हाउसिंगपुरतीच असते. म्हणून प्रत्यक्षात दाते आणि लिमिटेड-स्लिप (एकच चाक नुसतं फिरू न देणारा भाग) एवढंच काढून ट्रकच्या हाउसिंगमध्ये नेता येतं, तेही स्प्लाइन जुळत असतील तर. झाकण उघडल्यावर हा मोह होतो, पण एकत्र जुडग्याला जे मोल आहे ते सुट्या भागांना नाही.

मग मूळ डाना ६० कधी वापरावा? हाउसिंग आधीच खराब झालेलं असेल, ठसा गेलेला असेल, पूर्वीच्या मालकानं काप घातलेला असेल, तेव्हा. किंवा तुमची गाडी अशी असेल की न कापता बसतो, तेव्हा. पुढचा सगळा मजकूर याच दोन परिस्थितींसाठी आहे.

(फोर्डच्या ४२८ कोब्रा जेट गाड्यांचा ड्रॅग पॅकवाला नऊ इंची किंवा शेव्हरलेच्या मसल गाड्यांचा बारा-बोल्टवाला हाती लागला तरी न्याय तोच. फोर्ड नऊ इंचीत सोय एवढीच, की दात्यांचा मधला भाग पुढून अख्खा सुटतो. तो जपून ठेवून १९६६ ते ७७ च्या ब्रॉन्कोचं साधं हाउसिंग वापरता येतं.)

पायरी तिसरी: मोजमाप, आणि कुठल्या जीपला बसतो

अ‍ॅक्सलची रुंदी चाक जिथे टेकतं त्या एका पृष्ठभागापासून दुसऱ्यापर्यंत मोजतात. १९६८ ते ७० च्या चार्जर, रोड रनर, सुपर बी वगैरेंची ही रुंदी सुमारे ६० इंच. बाराकूडा-चॅलेंजरचा त्याहून इंच-दीड इंच जास्त, १९७१ नंतरच्या मोठ्या गाड्यांचा आणखी रुंद. १९८७ ते ९५ ची वायजे रँग्लर आणि १९९७ ते २००६ ची टीजे रँग्लर यांचे मागचे अ‍ॅक्सलही साठीच्या घरातले आणि चाकाचे बोल्टही तेच पाच, साडेचार इंची. वायजेचे स्प्रिंग-पाटे अडीच इंच रुंद, क्रायस्लरचेही तेवढेच. टीजेला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, तिथे कंस-ब्रॅकेटांचं काम दुपटीनं वाढतं. त्यामुळे हा अ‍ॅक्सल मनासारखा बसणारी जीप म्हणजे वायजे.

जुनी सीजे-५ किंवा सीजे-७ असेल तर हा बेत इथेच सोडून द्या. तिचा अ‍ॅक्सल कितीतरी अरुंद, बोल्टांचं वर्तुळ साडेपाच इंची. कापल्याशिवाय जमणार नाही आणि कापायचं नाही असं आपण ठरवलंय.

पिनियन बरोबर मधोमध नसतो. डावी-उजवीकडची दोन्ही अंतरं मोजून तुमच्या ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी ताडून पाहा. थोडा फरक या दोहोंना जोडणाऱ्या लांब शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकांचे लवचीक सांधे, सहन करतात.

जमिनीपासूनची उंची हा डाना ६० चा खरा दोष. वायजेखालच्या डाना ३५ चा रिंग गिअर ७.५८ इंची, याचा ९.७५. म्हणजे मधला गोळा निदान इंचभर खाली येणार, त्यात ओतीव लोखंडाची जाडी वेगळी. तो इंच परत मिळवायला टायर दोन इंचांनी मोठा लागतो. ३१ इंची टायरवर डाना ६० बसवणारा माणूस अ‍ॅक्सल तुटण्याच्या भीतीतून सुटतो खरा, पण दर दगडावर अडकतो. ३५ इंची टायर घ्यायचा नसेल तर हा अ‍ॅक्सल तुमच्यासाठी नाही.

मग गुणोत्तर. फोर-व्हीलमध्ये पुढचं आणि मागचं गुणोत्तर सारखं हवं. ४.१० आणि ४.११ चालतं, ३.७३ आणि ४.१० चालत नाही. ट्रान्स्फर केस आणि शाफ्ट एकमेकांशी झगडून काहीतरी तुटतं. काही चार-सिलिंडर वायजेंना पुढे ४.११ असतो. अशी गाडी आणि ४.१० चा डाना म्हणजे आयती जोडी. बाकीच्यांनी पुढचे दाते बदलण्याचा खर्च आजच धरावा.

इथे एक फास आहे. ३५ इंची टायरला ४.५६ बरा म्हणून तुम्ही मागचे दाते बदलायला जाल. डाना ६० मध्ये ४.१० पर्यंतच्या दात्यांचा कॅरिअर (रिंग गिअर ज्याच्यावर बसतो तो भाग) वेगळा आणि ४.५६ च्या पुढचा वेगळा. हेमीतला मूळ शुअर-ग्रिप, म्हणजे क्रायस्लरचा लिमिटेड-स्लिप, पहिल्या जातीचा. त्याच्यावर ४.५६ बसवायला जाड रिंग गिअर मागवावा लागतो, नाहीतर अख्खा लिमिटेड-स्लिप बदलावा लागतो. बदललात की ज्या गोष्टीसाठी हा अ‍ॅक्सल घेतला तिचाच अर्धा भाग फळीवर जाऊन बसतो.

पायरी चौथी: उघडून तपासणी

अ‍ॅक्सल एकट्यानं उचलू नका, जॅक आणि दुसरा माणूस हवाच.

चाकाचे नट सोडताना लक्षात ठेवा: १९७० पर्यंतच्या क्रायस्लर गाड्यांच्या डाव्या चाकाचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेनं जोर लावत बसलात तर स्टड तुटतात. स्टडच्या टोकावर बहुधा 'एल' अक्षर ठोकलेलं असतं. काम उरकलं की दोन्हीकडे सरळ आट्याचे नवे स्टड ठोकून घ्या, नाहीतर जंगलात स्टेपनी बदलताना दुसराच कुणीतरी ते तोडेल.

ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेच्या झोतानं उडवू नका. त्या काळच्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्यानं पुसा, मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका.

शाफ्ट पाच नटांच्या धारक पट्टीनं अडवलेले असतात. पट्टी सोडून शाफ्ट बाहेर ओढायचा. स्प्लाइनवर पीळ पडलाय का, ते प्रकाशात धरून बघा. खाचांच्या रेघा सरळ हव्यात. स्प्लाइन मोजून घ्या.

टोकाला टेपर रोलर बेअरिंग असतात आणि दोन्ही शाफ्टांची मागे-पुढे हालचाल उजव्या बाजूच्या अ‍ॅडजस्टरनं बेततात. डायल गेज लावून क्रायस्लरच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे ती बसवा. बरेच जण हा त्रास टाळायला सीलबंद बॉल बेअरिंग टाकतात. सरळ रेषेत पाव मैल पळणाऱ्या गाडीला ते ठीक आहे. जीप तिरक्या उतारावर उभी राहते, चाकावर आडवा भार येतो आणि मोठा टायर त्या भाराचा लीव्हर आणखी लांब करतो. जीपला टेपरच ठेवा.

दात्यांच्या आतल्या जुळणीत नवख्यानं पहिल्यांदा हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. डाना ६० मध्ये कॅरिअर हाउसिंगमध्ये दाबून बसवलेला असतो. तो काढायला हाउसिंग किंचित फाकवणारं हत्यार लागतं आणि ते १५ थाऊ, म्हणजे इंचाच्या १५ हजारांश भागापेक्षा जास्त ताणलं तर हाउसिंग कायमचं वाकतं. तुम्ही करायची ती तपासणी: दात्यांतली मोकळीक ४ ते ९ थाऊ आहे का, दाते खवले गेलेत का, तेलात लोखंडाची कीस आहे का. सगळं ठीक असेल तर फक्त सील आणि बेअरिंग बदला. नसेल तर पैसे देऊन जाणत्याकडून करून घ्या.

शुअर-ग्रिप दोन प्रकारचे सापडतात, पॉवर-लॉक आणि ट्रॅक-लॉक, दोन्ही क्लच-पट्ट्यांवर चालणारे. पट्ट्या झिजल्या असतील तर एक चाक हवेत गेल्यावर दुसरं नुसतं बघत बसतं. खडकांवरच चालवायचं असेल तर लॉकर बरा; मूळ शुअर-ग्रिप पिशवीत तेल लावून ठेवून द्या.

पायरी पाचवी: खाली बसवणं

पाट्यांच्या बैठका, म्हणजे नळीवर वेल्ड केलेले खुर्चीसारखे भाग, क्रायस्लरचे तुमच्या जागी येणार नाहीत. दोन पाट्यांमधलं अंतर वेगळं आहे. जुन्या बैठका अडत नसतील तर कापू नका, तशाच राहू द्या. नव्या बैठका त्यांच्या आतल्या बाजूला येतात. उद्या अ‍ॅक्सल परत एखाद्या चार्जरखाली जायचा असेल तर फक्त तुमच्या बैठका काढाव्या लागतील.

नव्या बैठका आधी नुसत्या ठेवा, वेल्ड करू नका. यू-बोल्ट सैल लावा, चाकं चढवा, जीप तिच्या पूर्ण वजनासह जमिनीवर उतरवा. आता पिनियनचा कोन. शाफ्टला दोन्ही टोकांना एकेक साधा क्रॉस असेल तर पिनियनची रेषा ट्रान्स्फर केसच्या तोंडाच्या रेषेला समांतर हवी. वरच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा सीव्ही जॉइंट असेल तर पिनियननं जवळजवळ शाफ्टकडेच तोंड करायचं, एखाद-दोन अंश खाली ठेवून, कारण पाटे पिळले की तो वर उठतो. कोनमापक लावून जमलं की चार ठिकाणी टाका घाला, जीप उचला, अ‍ॅक्सल बाहेर काढा आणि मग पूर्ण वेल्ड.

वेल्ड करताना इंच-दीड इंच करून थांबायचं, समोरच्या बाजूला जायचं, नळी हाताला कोमट लागेपर्यंत वाट पाहायची. एकाच दमात गोल फिरवलं तर नळी वाकते आणि मग बेअरिंग, सील, टायर सगळं वाकडं झिजतं. जीपवर वेल्ड करायची वेळ आलीच तर बॅटरीची तार आधी काढा. नळी आणि मधलं ओतीव हाउसिंग यांच्या सांध्यावर मात्र वेल्डिंग नको. ओतीव लोखंड आधी तापवावं लागतं, रॉड वेगळा लागतो, नाहीतर तडा जातो.

पेट्रोलची टाकी वायजेच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या लगेच मागे असते. झाकण आणि टाकी यांत अंतर किती उरतं ते स्प्रिंग पूर्ण दबल्यावरचं बघा, उभ्या गाडीवरचं नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे कंस आणि रबरी बंप-स्टॉप याच वेळी जागेवर आणा.

डाना ६० चं नाक लांब, त्यामुळे मागचा शाफ्ट आधीच आखूड असलेल्या वायजेत तो आणखी आखूड होतो आणि कोन वाढतो. गाडी उंच केलेली असेल तर ट्रान्स्फर केसचं सरकणारं तोंड काढून घट्ट योक (क्रॉस धरणारा दोन फाट्यांचा तुकडा) बसवणारा संच घालावाच लागेल. क्रॉसचंही बघा. जीपला १३१० मापाचा क्रॉस, हेमी डानाच्या योकला बहुधा ७२९० मापाचा. दोन टोकांना दोन मापं असलेला जोड-क्रॉस मिळतो. तो तात्पुरता ठीक. कायमचं करायचं तर योकच बदला आणि जुना योक अ‍ॅक्सलच्या खोक्यात टाकून ठेवा.

पायरी सहावी: ब्रेक, तेल आणि पहिली फेरी

हेमीचे ड्रम ११ इंची, जीपच्या ड्रमहून मोठे. पुढचे ब्रेक तसेच ठेवून मागे एवढे मोठे ड्रम आले की ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात. मागच्या लाइनवर प्रमाण कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बसवा आणि रिकाम्या मैदानात बेतून घ्या. रबरी नळी अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबकळला तरी ताणली जाऊ नये. हँडब्रेकच्या केबल शेवटपर्यंत टाळल्या जातात असा अनुभव आहे. त्या आधी करा.

हवेच्या छिद्राकडे गाडीवाल्यांनी कधी बघितलंच नाही, कारण हेमी कुणी नदीत घालत नाही. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि तो त्या छिद्रातून पाणी ओढतो. छिद्राच्या जागी नोझल लावून रबरी नळी वर, टायरच्या माथ्याच्याही वर, बॉडीत नेऊन बांधा. झाकण जाड पोलादाचं घ्या, मूळ झाकण घरी.

तेल जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९०, भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. क्लचवाला शुअर-ग्रिप असेल तर घर्षण कमी करणारं मिश्रण त्यात हवं, नाहीतर वळताना मागून कटकट ऐकू येते. गुणोत्तर बदललं असेल तर ट्रान्स्फर केसमधला स्पीडोमीटरचा छोटा गिअर बदला.

कागदपत्रांचं थोडक्यात. अमेरिकेत नियम राज्यागणिक वेगळे आहेत. पेन्सिल्व्हेनियासारख्या राज्यात दरवर्षी तपासणी होते, आणि विमा कंपनीला बदल कळवणं कुठेही शहाणपणाचंच. भारतात थारवर किंवा जुन्या महिंद्रा जीपवर असाच प्रयोग करू पाहणाऱ्यांनी मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. कंपनीनं नोंदवलेल्या रचनेत असा फेरफार करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पहिली फेरी खडकांवर नको. नवे दाते घातले असतील तर पंधरा-वीस मिनिटं हळू चालवून गाडी थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा, ओझं ओढू नका. घरी आल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळा. नव्या बैठकांवर ते पहिल्या शंभर किलोमीटरांत हमखास सैल होतात. योकचे आणि शाफ्टचे बोल्ट, ब्रेकचे सांधे, पिनियनचं सील बघा. आठशे किलोमीटरांनंतर तेल बदला. काढलेलं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये ओता आणि चुंबक फिरवा. बारीक करडी लापशी निघाली तर ठीक. चमचमता तुकडा निघाला तर झाकण पुन्हा उघडायचं.